सीएनसी मशीनला कसं कळतं टूल नेमकं कुठं आहे? घरगुती मशीनमागचं ‘फीडबॅक’चं गणित

लाकडावर सुबक अक्षरं कोरणारं छोटं राऊटर मशीन, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सफाईदार भाग कापून काढणारं टेबलाएवढं मिलिंग मशीन... असे व्हिडीओ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलेच असतील. एकेकाळी मोठ्या कारखान्यातच दिसणारं सीएनसी मशीन आता लोक घराच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने जोडू लागले आहेत. मोटर, स्क्रू, कंट्रोलर बोर्ड सगळं ऑनलाईन मिळतं आणि सॉफ्टवेअर तर फुकट आहे.

पण मंडळी, व्हिडीओत न दिसणारी एक गोष्ट आहे. दोन तास चाललेल्या जॉबमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत डिझाईन अचानक दोन मिलिमीटर बाजूला सरकतं. मशीन मात्र काहीच न झाल्यासारखं कापत राहतं. स्क्रीनवरचे आकडे अगदी बरोबर, समोरचा जॉब मात्र भंगारात!

असं का होतं? कारण बहुतेक घरगुती मशीनना आपलं टूल खरोखर कुठे आहे हे माहीतच नसतं. ती फक्त गृहीत धरतात. या गृहीत धरण्याला ‘ओपन लूप’ म्हणतात, आणि खात्री करून घेण्याला ‘क्लोज्ड लूप’. या दोन शब्दांमधला फरक नीट समजला तर पैसेही वाचतात आणि बोटंही. कसं ते पाहूया.

सुरुवात झाली हेलिकॉप्टरच्या पात्यांपासून

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटर न्यूमरिकल कंट्रोल. साध्या भाषेत सांगायचं तर हातचाक फिरवून टूल हलवण्याऐवजी आकड्यांनी टूल हलवायचं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हे उद्योजक हेलिकॉप्टरची पाती बनवायचे. पात्यांचा वक्राकार साचा अचूक बनवायचा तर वक्रावरचे असंख्य बिंदू आकड्यांत काढून टूल त्या त्या जागी न्यावं लागे. हे काम यंत्रानेच करावं ही त्यांची कल्पना. अमेरिकेच्या हवाई दलाने त्यासाठी पैसा दिला आणि काम एमआयटी या प्रसिद्ध संस्थेच्या सर्वोमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे गेलं. १९५२ मध्ये तिथे छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवरून आकडे वाचून चालणारं मिलिंग मशीन दाखवण्यात आलं. त्याचा कंट्रोलर व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचा आणि त्याची कपाटं मशीनशी स्पर्धा करतील एवढी मोठी होती.

यात त्या प्रयोगशाळेच्या नावाकडे लक्ष द्या. सर्वोमेकॅनिझम म्हणजे ‘हुकूम द्यायचा, प्रत्यक्षात काय झालं ते मोजायचं आणि फरक असेल तर दुरुस्त करायचा’ अशी यंत्रणा. म्हणजे जागा मोजून खात्री करण्याचा विचार या तंत्रज्ञानाच्या मुळातच होता. घरगुती मशीनमध्ये खर्च वाचवण्यासाठी नेमका तोच भाग गाळला जातो.

स्टेपर मोटर: डोळे मिटून पावलं मोजणारा गडी

घरगुती मशीनमध्ये सहसा स्टेपर मोटर असते. साधी मोटर वीज दिली की गरगर फिरते. स्टेपर मोटर मात्र पावला-पावलाने फिरते. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रकारात एका पूर्ण फेऱ्याची २०० पावलं असतात, म्हणजे एक पाऊल १.८ अंशाचं. कंट्रोलरने विजेचा एक छोटा ठोका, म्हणजे पल्स पाठवला की ड्रायव्हर मोटरला एक पाऊल पुढे टाकायला लावतो.

आता ही मोटर ५ मिलिमीटर लीडच्या बॉल स्क्रूला जोडली असं समजा. म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकतं. ५ मिलिमीटर भागिले २०० म्हणजे एका पावलाला २५ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ड्रायव्हरमध्ये ‘मायक्रोस्टेपिंग’ची सोय असते. त्यात एका पावलाचे आठ तुकडे केले तर फेऱ्याला १६०० पल्स लागतात आणि एका पल्सला टेबल साधारण ३ मायक्रॉन सरकतं.

इथे अनेकजण फसतात. मायक्रोस्टेपिंग ३२ पट केलं की मशीन तितकं अचूक झालं असं वाटतं. प्रत्यक्षात मायक्रोस्टेपिंगमुळे मोटर गुळगुळीत चालते, थरथर आणि आवाज कमी होतो, पण दोन मायक्रोस्टेपमधला जोर अगदी थोडा असतो. स्क्रूमध्ये थोडं घर्षण असलं तर एक-दोन मायक्रोस्टेपने टेबल हलतही नाही. आकडा बारीक झाला म्हणजे अचूकता वाढलीच असं नाही.

तरीही स्टेपरला कमी लेखू नका. १९७० च्या दशकात ब्रिजपोर्ट कंपनीने बाजारात आणलेल्या सीएनसी मिलिंग मशीनमध्येही स्टेपर मोटर होत्या आणि त्यांनी कारखान्यांत वर्षानुवर्षं काम केलं. मोटरला तिच्या ताकदीच्या आतच चालवलं तर ती पाऊल चुकत नाही. घोळ होतो तो मर्यादा ओलांडल्यावर.

पाऊल चुकलं तर काय होतं?

स्टेपर मोटरचा जोर वेग वाढला की झपाट्याने कमी होतो. थांबलेली असताना हाताने न हलणारी मोटर जोरात फिरताना थोड्याशा अडथळ्यानेही अडखळू शकते. टूल बोथट झालं, लाकडात गाठ आली, कापाची खोली जास्त घेतली किंवा सॉफ्टवेअरमध्ये ॲक्सिलरेशनचा आकडा जास्त टाकला, की मोटर पाऊल चुकते.

हे चुकणं वाटेल तसं नसतं. २०० पावलांच्या मोटरमध्ये दर चार पावलांनी, म्हणजे ७.२ अंशांनी चुंबकीय रचना पुन्हा पहिल्यासारखी होते. त्यामुळे घसरलेली मोटर पुन्हा पकड घेते ती सहसा चारच्या पटीतली पावलं सोडूनच. वरच्या ५ मिलिमीटर स्क्रूच्या हिशोबात चार पावलं म्हणजे ०.१ मिलिमीटर. एका वेळी ०.१, पुढच्या अडथळ्याला आणखी ०.३, असं करत चूक साचत जाते.

कंट्रोलरला याचा पत्ताच नसतो. त्याने जितके पल्स पाठवले तितके तो मोजतो आणि ‘टूल इथे आहे’ असं स्क्रीनवर दाखवतो. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे टूलची जागा नव्हे, दिलेल्या हुकमांची बेरीज. ओपन लूपचा सगळा धोका या एका वाक्यात आहे.

एन्कोडर: मशीनचे डोळे

मग उपाय काय? मोटर खरंच किती फिरली ते मोजायचं. हे काम करतो एन्कोडर. मोटरच्या मागच्या टोकाला बारीक रेघांची एक चकती बसवतात. एका बाजूने प्रकाश, दुसऱ्या बाजूला सेन्सर. चकती फिरली की प्रकाश अडतो, सुटतो, पुन्हा अडतो आणि सेन्सरमधून पल्स निघतात. ते मोजले की चकती किती फिरली ते कळतं.

पण कुठल्या दिशेने फिरली हे कसं कळणार? त्यासाठी एकाऐवजी दोन सेन्सर असतात, ए आणि बी. त्यांची जागा अशी ठरवलेली असते की दोघांचे सिग्नल एकमेकांच्या पाव चक्राने पुढे-मागे राहतात. एका दिशेने फिरताना ए आधी चालू होतो आणि मग बी, उलट दिशेने फिरताना बी आधी आणि मग ए. आधी कोण आलं यावरून दिशा कळते! या पद्धतीला क्वाड्रेचर म्हणतात. तिचा आणखी एक फायदा आहे. ए आणि बी दोघांचेही चालू-बंद होण्याचे क्षण मोजले तर एका रेघेमागे चार मोजण्या मिळतात. म्हणजे १००० रेघांच्या चकतीवरून एका फेऱ्यात ४००० मोजण्या. ५ मिलिमीटर स्क्रूवर एक मोजणी म्हणजे १.२५ मायक्रॉन.

बऱ्याच एन्कोडरला तिसरा सिग्नलही असतो, त्याला झेड किंवा इंडेक्स म्हणतात. तो फेऱ्यात एकदाच येतो. मशीन सुरू केल्यावर आधी होम स्विचपर्यंत जायचं आणि मग पहिला इंडेक्स आला की तिथे शून्य धरायचं, असं केलं तर शून्य रोज जवळजवळ त्याच जागी सापडतं. नुसत्या स्विचवर विसंबलं तर स्विचच्या गुणवत्तेप्रमाणे शून्य थोडंफार इकडेतिकडे होतं.

हे साधे एन्कोडर वीज गेली की आपली जागा विसरतात, म्हणून मशीन चालू केल्यावर दरवेळी होमिंग करावं लागतं. ॲब्सोल्यूट प्रकारचा एन्कोडर जागा विसरत नाही, पण तो महाग पडतो.

डोळे आले, आता मेंदू हवा: पीआयडी

जागा कळली, पण चूक दुरुस्त कशी करायची? याचं उत्तर यंत्रांच्या आधी जहाजावरच्या माणसांनी दिलं होतं. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी अमेरिकी नौदलासाठी जहाज आपोआप दिशेवर कसं ठेवता येईल याचं गणित मांडलं. अनुभवी सुकाणूवाला काय करतो याचा त्यांनी विचार केला. जहाज आत्ता किती भरकटलंय एवढंच तो बघत नाही. बराच वेळ थोडं थोडं एका बाजूला का जातंय हेही तो लक्षात घेतो आणि भरकटण्याचा वेग किती आहे यावर पुढचा अंदाजही बांधतो.

आजच्या भाषेत यालाच पीआयडी कंट्रोल म्हणतात. पी म्हणजे आत्ताची चूक, आय म्हणजे साचलेली चूक आणि डी म्हणजे चूक बदलण्याचा वेग. सर्वो मोटर याच तत्त्वावर चालते. टूल अमुक जागी असायला हवं, एन्कोडर सांगतो तमुक जागी आहे, की ड्रायव्हर फरकाच्या प्रमाणात मोटरला जोर देतो. हे सेकंदाला हजार किंवा त्याहून जास्त वेळा घडतं.

हे तीन आकडे जुळवण्याला ट्यूनिंग म्हणतात. पी कमी ठेवला तर मशीन सुस्त राहतं, कोपरे गोल होतात. पी जास्त झाला तर टेबल एका जागी थांबायच्या ऐवजी घूं घूं करत थरथरत राहतं. सर्वो बसवणाऱ्या नवशिक्यांचा सर्वात जास्त वेळ इथेच जातो.

‘हवं ते’ आणि ‘आहे ते’ यांतल्या फरकाला फॉलोइंग एरर म्हणतात. हा एरर ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला तर मशीनने थांबायचं असतं. भंगारात जाणारा जॉब वाचतो तो याच मर्यादेमुळे.

मधला मार्ग: क्लोज्ड लूप स्टेपर

अलीकडे घरगुती मशीनसाठी क्लोज्ड लूप स्टेपर लोकप्रिय झाले आहेत. मोटर स्टेपरच, पण मागे एन्कोडर बसवलेला. एन्कोडरची वायर ड्रायव्हरमध्ये जाते आणि मोटर मागे पडू लागली की ड्रायव्हर करंट वाढवून तिला जागेवर आणतो. ट्यूनिंगची कटकट कमी, आणि जुना कंट्रोलर तसाच चालतो, कारण त्याला अजूनही फक्त पल्सच पाठवायचे असतात.

पण इथे एक मेख आहे. एन्कोडरचं ड्रायव्हरला कळतं, कंट्रोलरला नाही. मोटर फारच मागे पडली तर ड्रायव्हर हार मानतो, लाल दिवा लावतो आणि मोटर सोडून देतो. ड्रायव्हरला यासाठी ‘अलार्म’ नावाची एक वेगळी वायर दिलेली असते. ती कंट्रोलरला जोडलीच नाही तर काय होईल? एक्स अक्ष थांबलेला, वाय आणि झेड मात्र जोरात चालू! जॉब तर जातोच, टूलही तुटू शकतं. क्लोज्ड लूपचे पैसे मोजून अलार्मची वायर न जोडणं म्हणजे घराला भक्कम कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवून ठेवणं.

मोजायचं कुठे? मोटरवर की टेबलावर?

आता सर्वात महत्त्वाचा प्रश्न. एन्कोडर मोटरच्या मागे आहे, म्हणजे तो मोटर किती फिरली हे सांगतो. टेबल किती सरकलं हे नाही. या दोघांच्या मध्ये कपलिंग आहे, स्क्रू आहे, नट आहे, बेअरिंग आहे. यातल्या प्रत्येकात थोडी थोडी चूक असते.

पहिली चूक बॅकलॅशची, ज्याला वर्कशॉपमध्ये ‘प्ले’ म्हणतात. दिशा बदलली की स्क्रू थोडासा रिकामाच फिरतो आणि मग टेबल हलतं. एन्कोडर म्हणतो हललो, टेबल मात्र जागेवरच.

दुसरी चूक स्क्रूच्या आट्यांची. घरगुती मशीनमध्ये सहसा मिळणारे सी७ दर्जाचे बॉल स्क्रू ३०० मिलिमीटरमागे ०.०५ मिलिमीटरपर्यंत चुकू शकतात, आणि तरीही ते त्या दर्जाच्या नियमात बसतात.

तिसरी चूक उष्णतेची. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन प्रसरण पावतं. अर्धा मीटर लांबीचा स्क्रू काम करता करता १० अंशांनी तापला तर तो साधारण ६० मायक्रॉन लांब होतो. सकाळी पहिला भाग मापात आणि दुपारचा भाग मापाबाहेर, असं होण्यामागे हे एक कारण असतं.

मोटरवरच्या एन्कोडरला या तिन्ही चुका दिसत नाहीत. त्या दिसायच्या असतील तर मोजपट्टी थेट टेबलालाच लावावी लागते. यालाच लिनिअर स्केल म्हणतात. काचेच्या पट्टीवर बारीक रेघा आणि त्यावरून सरकणारा वाचक. तत्त्व एन्कोडरचंच, फक्त चकती सरळ केलेली. जर्मनीची हायडनहाईन ही कंपनी या क्षेत्रातलं मोठं नाव. तिची सुरुवात १८८९ मध्ये बर्लिनमध्ये धातूवर कोरीवकाम करणाऱ्या छोट्या कारखान्यापासून झाली होती. जुन्या मिलिंग मशीनवर आकडे दाखवणारा जो डीआरओ डिस्प्ले दिसतो, तो अशाच पट्टीवरून जागा वाचतो. घरगुती वापरासाठी ५ किंवा १ मायक्रॉनपर्यंत वाचणाऱ्या काचेच्या आणि चुंबकीय पट्ट्या मिळतात.

मग सगळ्यांनी सरळ पट्ट्याच लावाव्यात का? इथेच अनेकांची फसगत होते. समजा स्क्रूमध्ये ०.१ मिलिमीटर प्ले आहे आणि कंट्रोलर फक्त पट्टीकडे बघतोय. टेबल थोडं मागे आहे म्हणून कंट्रोलर मोटर फिरवतो. प्ले असल्यामुळे टेबल हलत नाही, म्हणून तो आणखी जोर देतो. मग प्ले संपतो आणि टेबल धाडकन पुढे जातं. आता ते मागे आणायचं, पुन्हा तोच खेळ. टेबल एका जागी स्थिर होण्याऐवजी पुढे-मागे डुलत राहतं. म्हणूनच चांगल्या औद्योगिक मशीनमध्ये दोन्ही असतात. मोटरवरचा एन्कोडर वेग सांभाळतो आणि टेबलावरची पट्टी अंतिम जागा ठरवते. आणि त्या मशीनमध्ये प्ले आधीच जवळपास शून्यावर आणलेला असतो.

थोडक्यात, फीडबॅक हा सैल मशीनवरचा इलाज नव्हे. आधी नट घट्ट करा, बेअरिंगला योग्य दाब द्या, कपलिंग तपासा. मशीन मुळात घट्ट असेल तरच मोजमापाचा उपयोग होतो. कापताना टूल किंवा मशीनचा सांगाडा वाकत असेल, तर तेही कुठल्याच एन्कोडरला कळत नाही.

कंट्रोलर कोणता?

घरगुती सीएनसीच्या जगात काही नावं सतत कानावर पडतात.

ग्रबल: नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प. साध्या आर्डुइनो उनो बोर्डवर चालतो आणि सेकंदाला ३०,००० पर्यंत पल्स देऊ शकतो. वरच्या उदाहरणातल्या १६०० पल्सच्या फेऱ्याला हा वेग मिनिटाला साडेपाच मीटरच्या आसपास जातो. छोट्या राऊटरसाठी भरपूर झाला. मात्र तो अक्षांवरचे एन्कोडर वाचत नाही. पूर्ण ओपन लूप.

माक३: आर्ट फेनर्टी यांनी विंडोजसाठी तयार केलेलं सॉफ्टवेअर. जुन्या कॉम्प्युटरच्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टमधून थेट पल्स सोडायचं. या पोर्टने हजारो घरगुती मशीन चालवली, पण त्यात माहिती आत घेण्यासाठी पाचच पिना असतात. तीन होम स्विच आणि एक इमर्जन्सी स्टॉप जोडलं की जवळपास जागा संपली. नवे कॉम्प्युटर तर हा पोर्टच देत नाहीत.

लिनक्ससीएनसी: याची मुळं अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने १९९० च्या दशकात केलेल्या कामात आहेत. हे खऱ्या अर्थाने क्लोज्ड लूप चालवू शकतं. एन्कोडर वाचणं, पीआयडी, फॉलोइंग एररची मर्यादा, मोटर आणि पट्टी असा दुहेरी फीडबॅक, सगळं यात बसवता येतं.

पण इथेही हिशोब करायला हवा. ४००० मोजण्यांचा एन्कोडर मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरला, म्हणजे सेकंदाला २५ फेरे, तर सेकंदाला १ लाख मोजण्या होतात. तीन अक्ष असतील तर तिप्पट. सर्वसाधारण कॉम्प्युटर प्रिंटर पोर्टवरून एवढ्या वेगाने मोजू शकत नाही. मोजण्या सुटतात आणि एन्कोडर असूनही जागा चुकते. म्हणून लिनक्ससीएनसीसोबत मेसा कंपनीच्या कार्डासारखी वेगळी कार्डं वापरतात. त्यांवरची एफपीजीए चिप पल्स मोजण्याचं आणि पाठवण्याचं काम स्वतः करते. कॉम्प्युटर साधारण सेकंदातून हजार वेळा तिच्याकडून आकडे घेतो आणि पुढचा हुकूम देतो.

आणखी एक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वायर. स्पिंडलच्या व्हीएफडीतून प्रचंड विद्युत गोंधळ निघतो. एन्कोडरची साधी वायर त्याच्या शेजारून नेली तर खोटे पल्स मोजले जातात. म्हणून एन्कोडरसाठी शील्डवाली वायर, शक्यतो डिफरन्शियल सिग्नल, आणि स्पिंडलच्या वायरपासून अंतर, हे तिन्ही पाळावं लागतं.

सुरक्षितता: इथे चूक झाली तर जॉब नाही, हात जातो

ओपन लूप मशीन चुकलं तर बहुतेक वेळा जॉब बिघडतो. सर्वो मशीन चुकलं तर ते बेफाम पळू शकतं. कसं? एन्कोडरची वायर निघाली असं समजा. कंट्रोलरला वाटतं मोटर हललीच नाही. तो आणखी जोर देतो. तरी आकडा बदलत नाही, म्हणून आणखी! टेबल पूर्ण ताकदीने टोकाला जाऊन आदळतं. मोटरच्या किंवा एन्कोडरच्या वायरी उलट्या जोडल्या तरी हेच. चूक दुरुस्त करायला दिलेला प्रत्येक धक्का ती आणखी वाढवतो.

म्हणून सर्वो पहिल्यांदा चालू करताना मोटर स्क्रूला न जोडता मोकळी, पण टेबलाला पक्की क्लॅम्प करून चालवावी. दिशा बरोबर असल्याची खात्री झाल्यावरच कपलिंग जोडावं. फॉलोइंग एररची मर्यादा सुरुवातीला लहान ठेवावी. ‘सारखा एरर येतो’ म्हणून ती वाढवत जाणं म्हणजे ताप जास्त दाखवतो म्हणून थर्मामीटर फेकून देणं.

लिमिट स्विच नेहमी ‘नॉर्मली क्लोज्ड’ पद्धतीने जोडावेत. म्हणजे एरवी त्यातून करंट वाहत असतो आणि स्विच दाबला की तुटतो. यामुळे वायर तुटली तरी मशीन थांबतं. उलट पद्धतीने जोडलं तर तुटलेली वायर कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि नेमक्या गरजेच्या वेळी स्विच काम करत नाही.

इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण फक्त सॉफ्टवेअरला कळवणारं नसावं. कॉम्प्युटर हँग झाला तरी मोटर आणि स्पिंडलची ताकद रिले किंवा काँटॅक्टरमधून थेट तुटली पाहिजे. ड्रायव्हरमधले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही वेळ चार्ज धरून ठेवतात, त्यामुळे लगेच हात घालू नये. मेन्सच्या जोडणीची माहिती नसेल तर ती जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

नवीन काही विकत घेण्याआधी चूक ओळखा

माप चुकतंय म्हणून थेट एन्कोडर मागवू नका. डायल गेज घ्या, मॅग्नेटिक स्टँडवर टेबलाला लावा आणि ही तीन निरीक्षणं करा.

१. टेबल एकाच दिशेने येऊन त्याच जागी पुन्हा पुन्हा थांबवा आणि मग उलट दिशेने येऊन तिथेच थांबवा. दोन्हींत ठरावीक फरक येत असेल तर तो प्ले आहे. एन्कोडरने तो जाणार नाही.

२. फरक अंतराच्या प्रमाणात वाढत असेल, म्हणजे १०० मिलिमीटरला थोडा आणि ३०० ला तिप्पट, तर सॉफ्टवेअरमधला ‘मिलिमीटरमागे पल्स’चा आकडा चुकीचा आहे किंवा स्क्रूची चूक आहे. पहिली दुरुस्ती फुकट होते.

३. मशीन जोरात बऱ्याच वेळा पुढे-मागे पळवून शून्यावर आणा. शून्य हललं असेल आणि दरवेळी फरक वाढत असेल तर पावलं चुकत आहेत. आधी वेग आणि ॲक्सिलरेशन कमी करून पाहा, स्क्रूला वंगण आहे का, स्लाईड कुठे अडकते का ते तपासा. एवढं करूनही चूक राहिली तर मग मोटर बदलण्याचा किंवा क्लोज्ड लूपचा विचार करा.

मग कुणी काय घ्यावं?

लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिक यांवर कोरीवकाम करायचं असेल तर साधा स्टेपर आणि ग्रबल पुरेसं आहे. फक्त मोटर गरजेपेक्षा थोडी मोठी घ्या आणि ती तिच्या मर्यादेच्या बऱ्याच आत चालवा.

ॲल्युमिनियम कापायचं, जॉब तासन्‌तास चालतात किंवा साहित्य महाग आहे, तर क्लोज्ड लूप स्टेपर घेण्यात अर्थ आहे. अलार्मची वायर जोडण्याच्या अटीवर!

पोलादावर काम करणारं जुनं मिलिंग मशीन सीएनसी करायचं असेल, तर सर्वो मोटर, लिनक्ससीएनसी आणि वेगळं कार्ड हा योग्य रस्ता. लिनिअर स्केलचा विचार बॉल स्क्रू बसवून, प्ले काढून झाल्यावरच करा.

आणि हे सगळं आधी प्रत्यक्ष पाहायचं असेल तर फॅब लॅबसारख्या सामायिक कार्यशाळा आहेत. पुणे जिल्ह्यात पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात, एमआयटीच्याच सहकार्याने, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये उभी राहिली. ज्या संस्थेत १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मशीन पहिल्यांदा दाखवलं गेलं, तिच्याशी महाराष्ट्रातल्या एका खेडेगावाचं नातं ते असं.

मंडळी, मशीन छोटं असो की मोठं, त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो: ‘तू तिथे आहेस असं म्हणतोस, ते मोजून की अंदाजाने?’ अंदाजाने चालणाऱ्या मशीनकडूनही उत्तम काम करून घेता येतं, फक्त ते अंदाजाने चाललंय हे चालवणाऱ्याला माहीत हवं. तुमच्या ओळखीत कुणी घरी सीएनसी मशीन जोडत असेल, तर एन्कोडरची ऑर्डर देण्याआधी हा लेख त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा!